आमची बारकी आणि आत्याचा गळा

माझ्या धाकट्या बहिणीसारखी बारीक नजर या गावात दुसऱ्या कुणाची असेल तर आणून दाखवा. दुकानातच आणा, चहा माझ्याकडून. चौकातून वळलं की दुसरं शटर माझं, पंक्चर काढतो. सातवी नापास आहे, लपवत नाही. पण सातवीला दोनदा बसलोय, त्यामुळे पास झालेल्यांना येत नसेल तेवढी सातवी मला येते.

बहिणीला घरात सगळे बारकी म्हणतात. ती मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर कामाला आहे. जाड भिंतींची खोली, दारावर पिवळं चिन्ह, आणि दार एवढं जड की उघडायला खांदा लावावा लागतो. तिथे माणसाला किंचित किरण सोडणारं औषध टोचतात आणि ते अंगात कुठे जाऊन बसलं ते कॅमेऱ्यानं बघतात. लोक मला विचारतात, "म्हणजे एक्स-रे काढते का?" माझं डोकं फिरतं. अरे, एक्स-रे म्हणजे घराच्या भिंतींचा फोटो. घरात कोण जागं आहे, कोण झोपलंय ते बारकी सांगते.

त्यातही तिचा हातखंडा एका गोष्टीत. आपल्या गळ्यात थायरॉईड असते, फुलपाखरासारखी. तिच्या मागे चार गाठी असतात, तांदळाच्या दाण्याएवढ्या, त्यांना पॅराथायरॉईड म्हणतात. रक्तात कॅल्शियम किती ठेवायचं ते या चौघी बघतात. त्यातली एखादी फुगली की ती हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात सोडत बसते. मग मुतखडे होतात, हाडं दुखतात, माणूस बसल्या जागी दमतो. इलाज सोपा आहे, फुगलेली गाठ काढून टाकायची. पण आधी ती सापडायला हवी! कधी ती वर असते, कधी खाली, कधी अन्ननलिकेच्या मागे दडी मारून, तर कधी चक्क छातीत उतरलेली.

हे ऐकल्यावर मी म्हटलं, हे तर माझंच काम. ट्यूब पाण्यात बुडवायची, बुडबुडे आले की तिथे भोक. पण अगदी बारीक भोकाला बुडबुडा धरत नाही. तेव्हा ट्यूब गालाजवळ धरून फिरवायची, वारा लागतो. तेही नाही जमलं तर साबणाचा फेस. बारकी लहानपणी दुकानात बसून हे सगळं बघायची. ती कबूल करत नाही, पण तिचं शास्त्र माझ्या टबातून निघालंय.

तपासायची खोड तिला पहिल्यापासून होती. आमच्या घरून शाळेत जायला दोन रस्ते होते. जवळचा कुठला यावर माझं आणि बाबांचं रोज वाजायचं. नऊ वर्षांची बारकी दोन्ही रस्ते पावलं मोजत चालून आली. मला पाठवलं, माझीही पावलं मोजून घेतली. संध्याकाळी म्हणाली, "दादा, तुला वरचा जवळ आणि मला खालचा. वरच्या रस्त्याला नाला आहे, तो तू उडी मारून ओलांडतोस, मला वळसा पडतो." बाबा म्हणाले, "म्हणजे बरोबर कोण?" ती म्हणाली, "कुणासाठी?"

आजही तशीच आहे. गाठ शोधायच्या तिच्याकडे चार तऱ्हा आहेत. पहिलीत एकच औषध टोचायचं आणि दोनदा फोटो काढायचे, एक लगेच आणि एक दोन तासांनी. थायरॉईड औषध लवकर सोडून देते, फुगलेली गाठ धरून बसते, म्हणून दोन तासांनी जे चमकत राहील ती गाठ. दुसरी वजाबाकीची. एक औषध फक्त थायरॉईडमध्ये जातं, दुसरं थायरॉईड आणि गाठ दोन्हींत. दुसऱ्या फोटोतून पहिला वजा केला की गाठ उरते. तिसरीत कॅमेरा माणसाभोवती फिरतो आणि सोबत सीटी स्कॅन होतो, म्हणजे गाठ किती खोल आहे तेही कळतं. चौथी नवी, कोलीन नावाच्या औषधाचं पेट स्कॅन, मशीनच वेगळं. ते औषध बाहेरून गाडीनं येतं आणि दोन तासांच्या आत त्याचा निम्मा जोर जातो, म्हणून गुरुवारी सकाळी गाडी आली की तळमजल्यावर सगळे धावत असतात.

बारकीची एक वही आहे. सहा वर्षांत आलेल्या प्रत्येक माणसाला कुठल्या तऱ्हेनं कुठे बोट दाखवलं आणि सर्जनला गळा उघडल्यावर गाठ खरंच कुठे मिळाली, हे तिनं लिहून ठेवलंय. तिला हे कुणी सांगितलेलं नाही. नवे डॉक्टर येतात आणि विचारतात, यातली बेस्ट कुठली? ही म्हणते, "कुणासाठी?" आणि त्यांची तोंडं बाबांसारखी होतात.

आता आत्या. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याच घरात राहते, वरच्या खोलीत, तिथून सगळ्या घरावर नजर. तीस वर्षं बस स्थानकावर माईकवर आहे. कुठली बस कुठल्या फलाटावर ते सांगते. माईक बंद पडला तरी अर्धा दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. घरात तिचा आवाज भिंतीतून जातो, आणि तोंड असं की पोस्टमन पत्र फाटकाखालून सरकवून पळतो.

ती बाई दमायला लागली. दोनदा मुतखडा झाला, मग मनगटाचं हाड साध्या धक्क्यानं मोडलं. रक्त तपासलं तर कॅल्शियम वर. बारकीनं ऐकलं आणि म्हणाली, "पॅराथायरॉईड असणार. आमच्याकडे ये." आत्या फणकारली, "कालची पोर तू, तू माझा गळा बघणार?" आणि गावाच्या दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात गेली. तिथे वजाबाकीचा स्कॅन झाला. रिपोर्टमध्ये आलं, गाठ डावीकडे, खाली.

ऑपरेशनच्या आधी बाबांनी सर्जनला बाजूला घेऊन विचारलं होतं, "गळ्याचं ऑपरेशन आहे, आवाज जायची शक्यता किती?"

"फार कमी."

"असं होय," बाबा म्हणाले आणि खुर्चीत बसले. चेहरा पडलेला. आम्ही सगळे हसलो, खोटं कशाला बोलू.

गळा उघडला, डावीकडे शोध शोध शोधलं. काहीच नाही. टाके घालून परत पाठवलं. कॅल्शियम होतं तिथेच.

त्यानंतर वर्षभर आत्यानं त्या सर्जनचं जे केलं ते शत्रूचं होऊ नये. शेजारी, दूधवाला, कंडक्टर, कुणाला सोडलं नाही. "डोळे आहेत का बटणं? गाठ इथे, आणि हा तिथे उकरतोय!" बस स्थानकावर माईक चालू राहिला होता आणि तीन फलाटांवर हे ऐकू गेलं, असंही म्हणतात.

शेवटी तिसरा मुतखडा तिला बारकीच्या दारात घेऊन आला.

बारकीच्या हॉस्पिटलचे सर्जन कमी बोलणारे. त्यांनी फाईल बघितली आणि स्पष्ट सांगितलं. "बाई, गळा एकदा उघडलाय. आत सगळं चिकटलेलं असणार. आवाजाची नस तिथूनच जाते. आता नीट जागा कळल्याशिवाय मी हात घालणार नाही. दोन्ही बाजू उघडाव्या लागल्या तर आवाज जायची भीती चांगलीच आहे."

या वेळी कुणी हसलं नाही.  जिना उतरताना आत्या मला म्हणाली, "आवाज गेला तर मी तिथे काय करू रे? पाट्या धरून उभी राहू?" तिला मी आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलताना ऐकलं.

स्कॅनच्या दिवशी बारकीनं तिला टेबलावर झोपवलं. कपाळावर पट्टा, हनुवटीखाली उशी.

"आता हलायचं नाही. बोलायचंही नाही. बोललं की गळा हलतो."

"मी कधी बोलते?"

"आत्या, एक शब्द काढलास तर दादाला आत बोलावून गायला लावीन."

आत्यानं डोळे घट्ट मिटले. माझा आवाज तसा बरा आहे, पण कदर नाही.

तरी बारकीला तिचा भरवसा नव्हता. तिनं काय केलं बघा. वीस मिनिटांचा फोटो तिनं सलग नाही काढला, एकेका मिनिटाचे वीस तुकडे केले. जे तुकडे हललेले ते फेकायचे, बाकीचे जोडायचे. शेवटी बाहेर येऊन म्हणाली, "सात फेकले. तेरा मिनिटं गप्प होती. विक्रम आहे."

दोन तासांनी पुन्हा फोटो काढला तर सगळंच औषध निघून गेलेलं, काहीच चमकेना. मग फिरत्या कॅमेऱ्यावर घेतलं. तिथे उजवीकडे, वर, अन्ननलिकेच्या मागे अगदी पुसट काहीतरी दिसलं. त्यांच्या विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "असेलही, नसेलही." गुरुवारी कोलीनची गाडी आली. पेट स्कॅनमध्ये तोच ठिपका त्याच जागी, लख्ख! बारकीनं मला स्क्रीनवर दाखवला. मला ट्यूबमधला खिळा दिसावा तसा दिसला.

मी म्हटलं, "झालं तर मग! पेढे—"

"थांब दादा. सर्जन अडलेत."

सर्जनचं म्हणणं चुकीचं नव्हतं. उजवीकडे गाठ आहे, मान्य. पण जुन्या स्कॅनमध्ये डावीकडेही ठिपका आहे. कधी कधी दोन गाठी फुगतात, आणि पहिल्या सर्जनला डावीकडची सापडली नसेल कशावरून? तो ठिपका खोटा ठरत नाही तोवर डावी बाजूही उघडावी लागेल, तीही चिकटलेली. म्हणजे दोन्ही नसांना धोका. उजवीकडची एकटीच आहे असं कळलं तर छोटीशी चीर आणि ताजी, आधी न उघडलेली जागा.

म्हणजे आत्याचा आवाज त्या जुन्या ठिपक्यावर लटकला होता.

बारकीनं जुन्या हॉस्पिटलातून मूळ फोटो मागवले. दोन पारदर्शक फिल्मवर छापून आणले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. मी दूध बघत उभा होतो. तिनं एक फिल्म जराशी सरकवली, परत जागेवर आणली. मग म्हणाली, "दादा, दोन ट्यूब एकावर एक ठेवल्या आणि एक जरा सरकली तर काय होईल?"

"कडेला चंद्रकोर उरेल."

"तोच ठिपका आहे हा. पहिल्या आणि दुसऱ्या फोटोच्या मध्ये गळा सरकलाय. वजाबाकी केली आणि थायरॉईडची कड उरली. गाठ नाहीच ती." मग फिल्म खाली करून म्हणाली, "पण त्यांच्या कागदावर लिहिलंय की पेशंट अजिबात हलली नाही. आणि आत्यानंही आमच्या सर्जनला तेच सांगितलंय. ते म्हणतील कॅमेरा सरकला असेल, टेबल सरकलं असेल, मग किती आणि कसं सरकलं कोण सांगणार? तिनं स्वतः सांगायला हवं."

"आत्या? ती आपली चूक कबूल करणार?" दूध उतू गेलं.

दुसऱ्या दिवशी सर्जनच्या खोलीत आम्ही चौघं, आत्या, बाबा, बारकी आणि मी. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मी गेलो. घरचा मोठा मुलगा आहे.

"बाई," सर्जन म्हणाले, "त्या स्कॅनच्या वेळी तुम्ही हलला होतात का?"

"दगडासारखी पडले होते."

बारकीनं उजेडाच्या पेटीवर फिल्म लावल्या. "आत्या, ही तुझी थायरॉईड, फुलपाखरासारखी. हा पहिला फोटो. हा दुसरा. एकावर एक ठेवते. बसतात का?"

आत्यानं चष्मा पुढे घेतला. "नाही बसत."

"का बरं?"

"फुलपाखरू आहे. उडालं असेल."

सर्जननी खिशातलं पेन काढून परत खिशात ठेवलं. बाबा छताकडे बघायला लागले. मला वाटलं, संपलं. ही आता मरेपर्यंत हो म्हणणार नाही.

पण आमची बारकी! तिनं फिल्म काढल्या, बाजूला ठेवल्या आणि गप्पा मारायच्या सुरात म्हणाली, "जाऊ दे. तिथला तो मशीनवाला माणूस कोण होता गं? आमच्या कामातलाच कुणीतरी असेल, ओळखीचा निघायचा."

"अगं तो!" आत्या खुलली. "रोज पाचव्या फलाटावरून सव्वाआठची बस पकडतो. चेहऱ्यानं ओळखत होते मी. दोन मुली आहेत. थोरली हुशार, धाकटीला गणित जमत नाही. बायकोला दमा, त्यात घरमालक खिडकी बसवून देत नाही. मी म्हटलं, अरे, लेखी दे त्याला, तोंडी काय सांगतोस! आणि त्याचा मेहुणा—"

"एवढं सगळं बसमध्ये सांगितलं त्यानं?"

"बसमध्ये कुठे, मी माईकवर असते ना! तिथेच, टेबलावर पडल्या पडल्या विचार—"

आत्या थांबली.

 

आत्यानं बारकीकडे बघितलं. मी तिच्या त्या नजरेखाली लहानाचा मोठा झालोय, मी दाराच्या बाजूला सरकलो. बारकी जागची हलली नाही. तिचे कान मात्र लाल झाले होते.

"भवाने," आत्या म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता. मग फिल्मकडे बघत म्हणाली, "म्हणजे त्या डॉक्टरला जी जागा दाखवली तिथेच त्यानं बघितलं. आणि तिथे काही नव्हतंच."

"नव्हतं."

"आणि मी त्याला वर्षभर..."

"हो."

आत्यानं पदर नीट केला. सर्जनकडे वळली. "हलले मी. लिहा."

"थोड्या हललात, की...?"

"लिहायचंच आहे ना? मग भरपूर लिहा. अर्धवट कामं मला आवडत नाहीत."

सर्जननी लिहिलं. फक्त उजवी बाजू. पुढच्या मंगळवारी.

सोमवारी दुपारी आत्या दुकानात येऊन माझ्या स्कूटरवर बसली. "त्या पहिल्या हॉस्पिटलात चल." मी म्हटलं, "आज कशाला? बरी झालीस की जाऊ." म्हणाली, "आणि बोलता नाही आलं तर? कोण सांगणार त्याला, तू?"

तिथे रांगेत तासभर बसली. नंबर लागला, सर्जन दारात आले आणि तिला बघून दोन पावलं मागे गेले. आत्यानं आत जायचीही वाट बघितली नाही. तिथेच, चाळीस माणसांसमोर, फलाटावरच्या आवाजात म्हणाली, "या डॉक्टरांची काही चूक नव्हती. त्यांना चुकीची जागा दाखवली गेली, कारण मी मशीनवर पडून गप्पा मारत होते. मी यांना वर्षभर जे बोलले ते सगळं परत घेते." मग जरा विचार करून म्हणाली, "बटणं म्हटलं होतं तेसुद्धा."

डॉक्टरांना घाम फुटला. "अहो, हळू..."

"वर्षभर हळू बोलले नाही, आता का बोलू?"

मंगळवारी बारकी सुटी न घेता कामावर होती, पण दर पाच मिनिटांनी वर येऊन बघून जायची. स्ट्रेचर आत नेताना तिनं आत्याला दम दिला, "शुद्धीवर आलीस की बडबड सुरू करू नकोस. मी सांगेपर्यंत गप्प पडायचं." एरवी आत्यानं तिला धुऊन काढलं असतं. त्या दिवशी नुसती मान हलवली.

गाठ अन्ननलिकेच्या मागे, उजवीकडे, वर, बारकीनं बोट ठेवलं तिथेच मिळाली. शेंगदाण्याएवढी. काढल्या काढल्या तिथेच रक्त तपासलं, त्या गाठीतल्या हार्मोनचा चढलेला आकडा धाडकन खाली आला. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "एकच होती." मी वरांड्यातल्या सगळ्यांना सांगून टाकलं की शोधणारी माझी बहीण आहे. दोन जण दुसऱ्याच कुणाच्या ऑपरेशनसाठी आले होते, त्यांनीही माना डोलावल्या.

पण आवाजाचं अजून कळायचं होतं.

आत्यानं डोळे उघडले. आम्ही खाटेभोवती. सर्जन वाकून म्हणाले, "बाई, बोला बरं काहीतरी."

आत्या काही बोलली नाही.

"नाव सांगा. काहीही बोला."

ओठ मिटलेले. डोळे टक्क उघडे. सर्जनच्या कपाळावर आठी आली. बाबा खाटेचा दांडा धरून उभे होते. याच माणसानं वर्षापूर्वी आशेनं चौकशी केली होती. आता त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"ताई," ते म्हणाले, "शिवी दे गं. एकच. मला दे."

काही नाही.

तेवढ्यात बारकी जिना चढून धापा टाकत आली. तिनं सर्जनकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, मग आत्याकडे. आत्याचे डोळे तिच्यावर येऊन थांबले, आणि त्यात एवढा राग होता, एवढा राग होता की मला तिथेच हायसं वाटलं.

बारकीनं कपाळाला हात लावला. "आई गं. आत्या, बोल. मी सांगतेय, बोल आता."

"केव्हाची वाट बघतेय!" आत्या म्हणाली. आवाज घोगरा होता, चिरकत होता, पण होता. सगळा होता. "हा इथे लहान पोरासारखा रडतोय, डॉक्टर घाबरलाय, आणि तू खाली काय करत होतीस गं इतका वेळ?"

बाबांनी नाक पुसलं आणि म्हणाले, "झालं. आता आणखी वीस वर्षं."